तिसरा सिलिंडर

निघताना इव्होनने नवऱ्याला बजावलं, की फोन खिशातून बाहेर काढायचा नाही आणि वाजला की पहिल्याच घंटीला उचलायचा. या दोन्ही गोष्टी एकदम कशा साधायच्या, हे एर्मेस विचारणार होता. पण तेवढ्यात ती फाटकापासून परत वळली.

“आणि गाडी एकदाच चालू करायची, कळलं? माझा फोन आल्यावर. त्याआधी हात लावायचा नाही. वर माझी पिंपं आहेत.”

पिंपं गॅरेजच्या माळ्यावर होती. त्यांत द्राक्षांचा आटवलेला रस इव्होनच्या आजीच्या काळापासून सिरका होण्यासाठी आंबत पडला होता. तळाशी बसलेल्या विरजणाला त्या भागात ‘आई’ म्हणतात, आणि आईला हादरे बसले की सिरका रुसतो, यावर इव्होनची श्रद्धा होती. त्यामुळे माळ्याखालची मोटार सुरू करायला तिची परवानगी असे, सुरू ठेवायला नसे. चालू करा, कान निववा, बंद करा. या करारावर एर्मेसचा संसार आजवर सुरळीत चालला होता.

आजची सकाळ मात्र निराळी होती. शहरातल्या इस्पितळात इव्होनचा थोरला भाऊ ओरेस्ते पडून होता. त्याच्या हृदयाची एक झडप बदलायची होती. डॉक्टर तयार होते, टेबल तयार होतं, नवी झडपसुद्धा येऊन पडली होती. तयार नव्हता तो एकटा ओरेस्ते. बाईसाहेबांचा आवाज ऐकल्याशिवाय मी त्या टेबलावर चढणार नाही, असं त्याने सांगून टाकलं होतं. डॉक्टरीणबाईंनी आपुलकीने विचारलं, की पत्नी गावी असतात का? तेव्हा इव्होनला मान खाली घालून सांगावं लागलं, की ह्याचं लग्न झालेलं नाही, बाईसाहेब म्हणजे जुनी मोटार आहे. डॉक्टरीणबाई त्याच मोटारवेड्या प्रांतातल्या. त्यांनी फक्त, किती सिलिंडरची, एवढंच विचारलं.

सहा. ओरेस्ते आणि एर्मेस यांना ती एका शेतावरच्या गोठ्यात सापडली होती. दोनच आसनं, त्यांवर कोंबड्या रवंथ केल्यासारख्या निवांत बसलेल्या, लांब नाकावर पेंढ्याचा ढीग. मेव्हण्या-मेव्हण्यांनी कित्येक हिवाळे घालून तिला पुन्हा माणसांत आणली. पिकल्या आलुबुखाऱ्याचा रंग दिला. पण पळवायची हौस दोघांनाही नव्हती. रस्त्यावर नेली की मागचा हॉर्न वाजवतो, पुढे खड्डा येतो, जिवाला नुसता घोर. खरं सुख तिच्या सुरू होण्यात होतं.

किल्ली फिरवली की आधी मागे कुठेतरी पेट्रोलचा पंप टिकटिकायचा, दारावर कुणी बोटांनी हळूच वाजवावं तसा. पेट्रोल पोहोचलं की टिकटिक संथ व्हायची, थांबायची. मग बटण दाबायचं. सेल्फ कण्हायचा. गारठ्यात झोपलेल्या माणसाने कूस बदलावी तसं ते लोखंड हलायचं. मग एक सिलिंडर जागा व्हायचा, एकटाच. दुसरा त्याला ओ द्यायचा. दळायला बसलेल्या बायकांत एकीने ओळ धरावी आणि दुसरीने उचलावी, तसे सहाही एकामागून एक सुरात यायचे. आणि मग खिडकीची काच, भिंतीवरचे पाने, ऐकणाऱ्याच्या छातीचा पिंजरा, सगळं त्या एका सुराने अंगभर थरथरू लागायचं. त्या घटकेला माणूस कितीही म्हातारा असो, त्याला वाटायचं, आपलं अजून काहीतरी सुरू व्हायचं राहिलंय.

त्या आवाजाशिवाय घरात कोणतंही मोठं काम निघत नसे. ओरेस्तेच्या गुडघ्याच्या वेळी बाईसाहेब पहिल्या बटणाला बोलल्या, गुडघा आजही धड आहे. औषधांच्या दुकानवाल्या विधवा बाईंना मागणी घालायला तो निघाला, त्या दिवशी मात्र त्या बोलल्या नाहीत. बाई नाही म्हणाल्या. तेव्हापासून ओरेस्तेचा या शास्त्रावर पक्का विश्वास बसला होता.

म्हणजे आज गाडी बोलली नाही, तर ओरेस्ते विजार चढवून बसने घरी येणार होता, आणि फार तर पुढचा हिवाळा बघणार होता. हे डॉक्टरीणबाईंनी इव्होनला बाजूला घेऊन सांगितलं होतं. इव्होनने ते एर्मेसला सांगितलं होतं. आणि एर्मेस आता गॅरेजमध्ये एकटा उभा होता, बाहेर धुकं इतकं दाट की अंगणातलं अंजिराचं झाड कुणीतरी काढून नेल्यासारखं दिसत होतं.

गारठा आहे, त्याच्या मनात आलं. गारठ्यात ती कधीकधी हट्ट करते. ऐन वेळी हट्ट केला तर? एकदा बघून ठेवलेलं बरं. एकदाच.

बाईसाहेब पहिल्या बटणाला बोलल्या. एर्मेसच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने लगेच बंद केली, वर माळ्याकडे अपराधी नजर टाकली, आणि कापड पांघरणार तोच दुसरा विचार आला, की हा योगायोग असला तर? एकदा सुरू होणं हे नशीब असू शकतं. दोनदा झाली म्हणजे खात्री. त्याने खात्री करून घेतली.

इतक्यात फाटक वाजलं. निवृत्त पाववाला वास्को धुक्यातून आत आला आणि हात पाठीमागे बांधून उभा राहिला. “मी कोपऱ्यावर होतो,” तो म्हणाला, “मला नुसता शेवट मिळाला.” पंगत उठल्यावर आलेल्या माणसाचा चेहरा असतो तसा त्याचा चेहरा झाला होता.

आता त्या गावची एक रीत आहे. कुणी दारी यावं आणि त्याला कॉफी विचारू नये, असं जसं होत नाही, तसंच कुणी गॅरेजात यावं आणि त्याला इंजिनाची सुरुवात ऐकवू नये, असंही होत नाही. अर्धं ऐकवून माणसाला परत धाडणं म्हणजे उष्टा पेला पुढे करणं. एर्मेसने बटण दाबलं. तेवढ्यात खांद्यावर टॉवेल टाकलेला लेआर्को न्हावी धावत आला, आणि त्याला तर शेवटसुद्धा मिळाला नव्हता. त्याच्यासाठी परत. मग ट्रॅक्टरवरून नुल्लो आला. नुल्लो डुकरं पाळायचा, बोलायचा कमी. त्याच्या स्वतःच्या ट्रॅक्टरच्या आवाजात त्याला काहीच ऐकू आलं नव्हतं. त्याने काही मागितलं नाही. नुसती टोपी काढून उभा राहिला. हे मागण्यापेक्षा वाईट होतं.

प्रत्येक वेळी एर्मेस लगेच बंद करत होता, पिंपांसाठी. त्यामुळे बॅटरीतून जात होतं ते जात होतं, परत काही येत नव्हतं. नुल्लोच्या वेळी सेल्फने एकदा ‘ऊंह’ केलं, नको असलेला घास बाळाने जिभेने ढकलावा तसं, आणि तो गप्प झाला.

एर्मेसच्या कानांच्या पाळ्या गार पडल्या. त्याने सगळ्यांना सांगितलं, की हा आजचा आवाज कुणासाठी होता. वास्कोने कपाळाला हात लावला. लेआर्कोने विचारलं, की मग आधी का बोलला नाहीस? एर्मेस म्हणाला, तुम्ही ऐकायला आला होतात.

मग चौघांनी बॉनेट उघडलं आणि मतं सुरू झाली. वास्कोचं मत बॅटरी. लेआर्कोचं मत धुकं. नुल्लोने मत न देता ट्रॅक्टर दारापर्यंत मागे घेतला आणि तारा जोडल्या. सेल्फ आता जोरात फिरू लागला. पण नुसताच फिरला. एकही सिलिंडर जागा होईना, आणि पेट्रोलचा वास मात्र असा सुटला की लेआर्कोने खिशातली काडेपेटी न सांगता बाहेर नेऊन ठेवली. एवढ्या वेळा घडीभर चालू करून बंद केल्याने प्लग ओलेचिंब झाले होते.

तेवढ्यात फोन वाजला. एर्मेसने तो पहिल्या घंटीला उचलला, दुसऱ्या घंटीला खाली पाडला आणि तिसऱ्या घंटीला कानाला लावला. इव्होन कुजबुजत होती. एक तातडीचा पेशंट मध्येच आला होता, ओरेस्तेला अजून जरा अवकाश होता. तयारी आहे ना, असं तिने विचारलं.

“आहे की,” एर्मेस म्हणाला.

“हात नाही ना लावलास?”

“छे.”

मागे वास्को आणि लेआर्को श्वास रोखून उभे होते. एर्मेसने फोन खिशात ठेवला आणि तो घामाने भिजलेला हात विजारीला पुसत राहिला.

लेआर्को म्हणाला, धक्का मारू. पण फाटकाबाहेरचा रस्ता कालव्याकडे उतरत होता आणि या धुक्यात रस्ता कुठे संपतो आणि कालवा कुठे सुरू होतो, हे बदकांनाही सांगता आलं नसतं. शिवाय नुल्लोला हर्निया होता. मग वास्कोने विचारलं, कुणाच्या फोनमध्ये जुना आवाज भरलेला नाही का? भरलेला होता, पण ओरेस्तेला गेल्या वर्षी कुणीतरी तो ऐकवला होता तेव्हा त्याने, मी डबाबंद खात नाही, असं म्हणून तोंड फिरवलं होतं. त्याला चकवणं सोपं नव्हतं. आयुष्यभर चीजच्या गोदामात, लहानशा हातोडीने एकेक चाक, म्हणजे चीजची चाकाएवढी ढेप, ठोकून, आत पोकळी आहे की नाही हे नुसत्या आवाजावरून सांगायचं, हेच त्याचं काम. चाक नापास झालं की मालक रडायचे, पण ओरेस्तेचा कान कधी वाकला नाही. आख्ख्या तालुक्यात त्या कानाचा दरारा होता.

तेव्हा प्लग काढून वाळवणं, एवढाच मार्ग उरला. साही काढले. आता वाळवायचे कशावर? तेवढ्यात समोरच्या बारची इरिदे, आपली रोजची गिऱ्हाइकं आज कॉफीला का आली नाहीत ते बघायला आली. तिने परिस्थिती एका नजरेत ओळखली, ओटी पसरली, आणि प्लग घेऊन निघाली. कॉफीच्या यंत्राच्या डोक्यावर, जिथे पेले गरम ठेवतात, तिथे ते मांडणार होती. ओळीनेच मांड, एकमेकांत मिसळू नकोस, असं वास्को तिच्या मागे धुक्यात सांगत राहिला.

ती बारमध्ये पोहोचली असेल नसेल, आणि फोन वाजला.

“आले न्यायला,” इव्होन म्हणाली. “गुंगीचं औषध दिलंय, पण अडून बसलाय बघ. दोघं जण ढकलगाडी धरून उभे आहेत. त्याच्या कानाला लावते. कर.”

मग खरखर झाली, आणि ओरेस्तेचा आवाज आला, लांबून, जाड जिभेने. “हं, एर्मेस. होऊ दे.”

एर्मेसने इंजिनाकडे पाहिलं. सहा प्लगांच्या जागी सहा काळी भोकं होती. सांगावं, असं त्याच्या मनात आलं. तोंडही उघडलं. पण त्याच्या डोळ्यांसमोर विजार चढवणारा ओरेस्ते आला, बसची वाट बघणारा ओरेस्ते आला, पुढच्या हिवाळ्यानंतरची अंगणातली रिकामी खुर्ची आली.

“थांब,” तो म्हणाला, “फोन जवळ नेतो.” आणि फोन हातात धरून तो नुसता उभा राहिला.

तेव्हा नुल्लो पुढे आला. त्याने टोपी छातीशी धरली, जीभ टाळूला लावली आणि टिकटिक सुरू केली. टिक टिक टिक टिक. मग जरा संथ. टिक. टिक. मग थांबली, अगदी जिथे थांबायला हवी तिथे.

नुल्लोच्या घराण्याने तीन पिढ्या देव मानला नव्हता, पण नाताळात चर्चच्या गायकवृंदात सर्वांत खालचा सूर नुल्लोच धरायचा, कारण नंतरच्या जेवणात कोंबडा असायचा. वास्को आणि लेआर्को त्याच्या शेजारी उभे राहून गायचे. त्यांना खूण कळली. लेआर्कोने डोळे मिटले आणि सेल्फचं कण्हणं उचललं, बारीक, चढतं, थंडीने आखडलेलं. नुल्लोच्या पोटातून पहिला सिलिंडर जागा झाला. एकटाच. मग दुसरा. मधल्या जागा वास्कोने भरल्या, आणि लेआर्को कण्हणं सोडून वरच्या सुरात सामील झाला. तिघांच्या गळ्यांच्या शिरा फुगल्या. एर्मेसने फोन वास्को आणि नुल्लोच्या मधोमध धरला, आणि नकळत त्याचा दुसरा हात हवेत वर गेला. तसा आवाजही वर गेला, हात खाली आला तसा संथ झाला. खिडकीची काच थरथरली. निदान एर्मेसला तरी तसं वाटलं. हा आवाज त्यांनी इतकी वर्षं ऐकला होता, इतका मनात घोळवला होता, की तो त्यांच्या आत कधीच येऊन राहिला होता. त्याला आज फक्त दार उघडून मिळालं.

आणि नेमका तेव्हाच वास्कोला खोकला आला.

धुकं म्हणा, पेट्रोल म्हणा. त्याने तो दाबला, गिळला, डोळे बाहेर आले, तरी दोन ठसके निसटलेच. नुल्लोने सूर सोडला नाही. एर्मेसने घाईघाईने हात खाली आणला, आणि तिघं एकदम थांबले.

फोनमध्ये काहीच ऐकू येईना. वास्को तोंडात टोपी कोंबून लाल झाला होता.

“पहिल्या बटणाला,” शेवटी ओरेस्तेचा आवाज आला. “शाब्बास.” मग जरा थांबून, “तिसरा अडखळतोय रे.”

“थंडी आहे,” एर्मेस कसाबसा म्हणाला.

“थंडी नाही. तिसरा आहे. मी आल्यावर बघतो.” आणि मग लांब, दुसऱ्या कुणाला तरी, “चला, काय बघताय? ढकला.”

इरिदे गरम प्लग रुमालात गुंडाळून परत आली, तेव्हा चार म्हातारे इंजिनाभोवती खाली माना घालून बसले होते आणि कुणीच कुणाकडे बघत नव्हतं. प्लग बसवले. बाईसाहेब पहिल्या बटणाला बोलल्या, जसं काही झालंच नव्हतं. कुणाला आनंद झाला नाही. एर्मेसने लगेच बंद केली.

संध्याकाळी इव्होनचा फोन आला. झडप बसली होती. शुद्धीवर आल्यावर ओरेस्ते पहिला शब्द काय बोलला असेल, असं तिने हसत रडत विचारलं, आणि एर्मेसने ओळखलं: तिसरा.

त्याने तिला सगळं खरं सांगितलं. इव्होनने पूर्ण ऐकून घेतलं आणि मग बजावलं, की याबद्दल एक अक्षर काढायचं नाही. नव्या झडपेला धक्का बसता कामा नये, असं डॉक्टरीणबाईंनी लिहून दिल्यासारखं सांगितलंय. तुम्ही गायलंत, आता तुम्हीच निस्तरा.

ओरेस्ते घरी आला तो वसंतात. अंगणात खुर्ची, मांडीवर कांबळं. पहिला हुकूम सुटला: इंजिन उघडा. तेव्हा धडधाकट, निरोगी इंजिन त्या तिघांनी आणि एर्मेसने मिळून अथपासून इतिपर्यंत उघडलं. ओरेस्तेने तिसऱ्या सिलिंडरमध्ये विजेरी घालून पाहिलं, पिस्टन हातात घेऊन ठोकला, झडपा कानाशी धरल्या. काही नव्हतं. पुन्हा पाहिलं. पुन्हा काही नव्हतं. वास्को फार कामात असल्यासारखा नट पुसत बसे.

दिवसामागून दिवस गेले तसं एर्मेसच्या ध्यानात आलं, की ओरेस्ते कमी बोलायला लागलाय. जेवताना त्याने एकदा पेल्याला चमच्याने टिचकी मारली, ऐकलं, आणि पेला दूर सारला. गोदामातल्या पोरांनी एक अवघड चाक दाखवायला आणलं, तर त्याने ते न ठोकताच परत पाठवलं. एर्मेसची झोप उडाली. झडप वाचली होती, आणि तिच्यापायी कान गेला होता. सांगावं तर हृदयाला धक्का, न सांगावं तर माणूस खुर्चीत विरघळत चाललेला. त्याने इव्होनला विचारलं. इव्होनने पहिल्यांदाच काही बजावलं नाही.

इंजिन पुन्हा जोडून झालं, त्या दिवशी पॉपलरच्या झाडांचा कापूस हवेत तरंगत होता, मे महिन्यात तिथे तरंगतो तसा, अंगणभर, केसांत, कॉफीत. सगळे जमले. एर्मेसने किल्ली फिरवली. टिकटिक झाली, संथ झाली, थांबली. बटण दाबलं. एक जागा झाला, दुसऱ्याने ओ दिली, साही सुरात आले. ओरेस्ते डोळे मिटून ऐकत राहिला. इव्होन दारात उभी होती आणि एकदाही माळ्याकडे बघत नव्हती.

“ठीक आहे तिसरा,” ओरेस्ते म्हणाला. आवाज अगदी साधा होता. “तेव्हाही ठीकच असणार. माझाच कान गेला, एर्मेस. बंद कर. विकून टाका तिला, नाहीतर ठेवा. मला आता त्यातलं काही कळत नाही.”

एर्मेसने बंद केली. अंगणात असं शांत झालं, की कापूस पडतानाही ऐकू यावा.

त्या शांततेत वास्कोच्या छातीत काहीतरी वर आलं. त्याने ते गिळलं. परत वर आलं. नुल्लोने त्याच्या पायावर पाय दिला, लेआर्कोने टॉवेल त्याच्या तोंडावर दाबला; पण पॉपलरच्या कापसापुढे टॉवेलचं काय चालणार? दोन ठसके निसटले. आधी एक लहान, मग एक मोठा.

खुर्चीतल्या ओरेस्तेने डोळे उघडले. मान हळूहळू वळवली. त्याने आधी इंजिनाकडे पाहिलं, मग नुल्लोकडे, लेआर्कोकडे, एर्मेसच्या पांढऱ्याफटक पडलेल्या चेहऱ्याकडे. कांबळं बाजूला टाकून तो उठला, वास्कोपाशी आला, त्याच्या पाठीवर तळवा टेकवला आणि गोदामात चाकाला लावायचा तसा कान त्याच्या छातीला लावला.

“वास्को,” तो म्हणाला, “जरा परत खोक बघू.”